मैनाचं बियाणं आणि लाल पान

१३ एप्रिल, रविवार

बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर बसून मैना आणि मी एकमेकींच्या वेण्या घालत असू. रविवारी, प्रार्थनेआधी. तिचे केस इतके दाट की रिबीन पुरायची नाही. मग ती माझी पळवायची. सिस्टर खालून ओरडायच्या, “क्विक, गर्ल्स!” आणि मैना माझ्या कानात, “क्विक कशाला गो? देव काय पळून चाललाय?”

सातवीनंतर ती आपल्या गावी, वैशाखऱ्याला परत गेली, शेतीत. मी मॅट्रिक झाले, पोस्टात लागले, शहापुरात राहिले. पण सोडलं नाही एकमेकींना.

आज हे आठवलं कारण मैनाचा आवाज माझ्या संगणकातून आला!

रविनाने — माझी भाची, भावाची मुलगी, ठाण्यात वेबसाइट बनवायची नोकरी करते — मला वेबसाइटचं पान बनवायला शिकवलंय. मैनाच्या गावातल्या बायकांनी जुनी भातं जपली आहेत. कोलपी, महाडी, डांगी. कोणतं भात कसं राखायचं ते त्यांच्याच तोंडून ऐकता यावं, अशी माझी हौस. पान अजून जगाला दिसत नाही. फक्त माझ्या घरात चालतं, तपासून बघण्यापुरतं.

उघडलं — आणि पडद्यावर लाल त्रिकोण! “तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असतील.” हातातला चहा सांडला. माझ्याच घरात हल्लेखोर?

रविनाला फोन केला. हसतच सुटली. “आत्या, चोर-बीर कोणी नाही. फोनमधून आवाज रेकॉर्ड करायचा तर पानाला सर्टिफिकेट लागतं. ते मी तुझ्याच कॉम्प्युटरवर बनवलंय. स्वतःच स्वतःला दिलेलं, म्हणून ब्राउझर मानत नाही. ‘प्रगत’ दाब, मग ‘पुढे जा’. घाबरू नकोस.”

दाबलं. मैना बोलायला लागली.

१६ एप्रिल

वैशाखरे. मैनाच्या ओट्यावर सकुबाई आणि बाईजा, भात जपणाऱ्या दोघी. सर्टिफिकेटची गंमत सांगितली.

मैना म्हणाली, “मंग तुजा ब्राउजर शानाच हाय गो कुमे! सोताच सोताला ‘मी बरी’ म्हननारीला मी पन मूठभर बियानं नाय देनार.”

खरंच देत नाहीत इथे. बियाणं मागायला आलेल्यासाठी गावातल्या कुणीतरी ‘हा माझा’ म्हणावं लागतं. पुढे काही बिघडलं तर बोल त्या म्हणणाऱ्याला.

सकुबाईने डोळे मिचकावले. “मंग या कुमुदबायला आवाज कसा गो दिलास?”

“ती माजी हाय.”

एवढंच. त्यावर दोघींनी आवाज दिले, नावं दिली, फोन नंबर दिले. सकुबाईने तर मुरबाडला दिलेल्या लेकीचं, सरिताचंही नाव घालायला लावलं. “तिच्या सासूला दिसू दे, आमी पन कोनतरी हाव!”

२० एप्रिल

त्रिकोण. प्रगत. पुढे जा. आता बोट आपोआप जातं. हसू येतं त्या चहाचं.

२४ एप्रिल

मेल आला — मेलच्या खात्यातली आवाज ठेवायची जागा भरली, आज पुन्हा लॉग-इन केलं नाही तर सगळं पुसलं जाईल. मैनाचा आवाज पुसणार? त्यातल्याच लिंकवर दाबून लगेच केलं. मध्ये नेहमीचं ते लाल आलंच. दोनदा दाबावं लागलं. पासवर्ड टाकला. झालं एकदाचं.

२६ एप्रिल

माझं मेलचं खातं मलाच आत घेत नाही! पासवर्ड चुकीचा म्हणतं.

रविनाला सांगितलं. तिने विचारलं, “आत्या, नुसता त्रिकोण लाल होता, की पूर्ण पान लाल होतं?”

“पूर्ण.”

मग तिने एकेक करून सांगितलं.

ते माझ्या घरातलं पान नव्हतं. तो खरा इशारा होता. चोरांच्या दारात मी माझ्या हाताने किल्ली ठेवली — आणि त्याच खात्यात सगळ्यांची नावं, गावं, नंबर!

२८ एप्रिल

मैनाचा फोन आला. बायकांना कुणा पुरुषाचे फोन येताहेत. नावाने हाक मारतो, कोणतं भात ते सांगतो. “कुमुदबाईंकडून बोलतोय, बियाणं नोंदवायचंय, मोबाइलवर आलेले आकडे वाचा.” माझं नाव घेतलं म्हणून सकुबाईने वाचले. तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात गेलं. सरिताच्या सासरी घाणेरडी चित्रं गेली — आईच्या नंबरवरून. दिराला, सासऱ्याला!



१ मे

वैशाखऱ्याला गेले. फोन करून सांगण्यासारखं नव्हतं ते.

सकुबाई दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. “बाय, लेक माजी तिकडं तोंड लपवून बसली. तुमी शिकलेल्या. तुमाला लाल दिसला नाय?”

बाईजाने माझ्याकडे पाठ केली. मैनाकडे वळली. “तू म्हनलीस ‘माजी हाय’, म्हनून दिला आमी. आता बोल.”

मैनाने माझी पिशवी उचलली. स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आली, मध्येच बांधावर दम खात बसली, पण एक शब्द नाही. गाडी आली तेव्हा माझी पिशवी हातात दिली आणि वळली. इतक्या वर्षांत ही गप्प बसलेली मी पाहिली नव्हती.

४ मे, रविवार

रविनाने खातं परत मिळवलं. पोलिसांत अर्ज दिला. सकुबाईचा नंबरही सोडवला. मग माझ्या संगणकापुढे बसून रडायला लागली. “हे सर्टिफिकेट तुझ्या संगणकात आणि फोनमध्ये नीट बसवायचं असतं, आत्या. मग इशारा येतच नाही. मी कंटाळा केला. मीच तुला ‘पुढे जा’ शिकवलं.”

तिला जवळ घेतलं. बोट माझं होतं, तिचं नाही.

आता बसवलंय. पान उघडलं, त्रिकोण नाही. मला त्याचीच भीती वाटली.

६ मे

मुरबाड. सरिताचं सासर. सगळ्यांसमोर सांगितलं — सकुबाईने काही पाठवलेलं नाही, चूक माझी. सासू म्हणाली, “तुमी तर कानव्हेंटच्या ना? आमाला वाटला तिथं सगला शिकवतात.” मान खाली घालून ऐकलं. निघताना सरिता दारापर्यंत आली. पाणी दिलं. सासऱ्याने ‘बसा’ म्हटलं. एवढं पुष्कळ.

मैनाचा फोन नाही.

९ मे

नाही.

११ मे, रविवार

मैना आली! न सांगता. मुरबाडहून गाडी बदलून, एकटी, पाटीत फडक्यात बांधलेल्या बियाण्याची गाठोडी घेऊन. किती वाळलीय! स्टँडपर्यंत चालताना ती का बसली होती, ते आज कळलं. ठाण्याच्या डॉक्टरने पोटात गाठ सांगितलीय. वाढलेली. तेव्हाच सांगणार होती. “तुजा तोंड बघून नाय सांगितला गो.”

मी रडायला लागले.

“रडू नको. ध्यान दे. तू वाटायचा. तुज्याच हातानं, घरोघर जाऊन. कोन नाय बोलला तर बोल, मैनानं धाडलाय.”

कोलपी सकुबाईला. सगळ्यांत आधी तिला.

महाडी बाईजाला. ती तोंड फिरवेल. ओट्यावर ठेवून यायचं.

डांगी सरिताला, सासूच्या देखत.

लाल नाचणी रविनाला. शेत नाही तर कुंडीत लावू दे म्हणाली, पोरीला उगवलेलं दिसू दे.

शेवटचं लहान गाठोडं तिच्या स्वतःच्या शेताचं. ते बाई कधी घराबाहेर काढत नाही. पुन्हा पेरणार नसेल तेव्हाच. ते मला. म्हटलं, मैना, मला कुठे शेत आहे?

“ऱ्हाऊ दे तुज्याकड. येल कोनतरी मागाय. तू जिला ‘माजी हाय’ बोलशील, तिला दे.”