पिठाच्या डब्याखालचा फॉर्म

घरधन्यांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला थांबला का?

इथे हॉस्टेलच्या गच्चीवर, आमच्या स्वयंपाकघराच्या वरच, सोलर बसवतायत. त्यांची मुकादम आपल्या पोरीएवढीच आहे. म्हणाली, "मावशी, कामं इतकी येतात, शिकलेली माणसंच पुरत नाहीत." मला मान वर करवेना.

पोरीच्या सोलर कोर्सच्या फॉर्मची तारीख गेली, हे मी खोटं सांगितलं. पोरगी छपरांवर चढणार, लोक काय म्हणतील, म्हणून फॉर्म मीच दडवला. तुम्ही काय बोलायचं ते बोला.

तुमचा चष्मा फुटलाय, म्हणजे पत्र तीच वाचून दाखवतेय. पोरी, थांबू नकोस, मोठ्यानं वाच. आई चुकली. फॉर्मची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. आता ऊठ, पिठाचा डबा उचल.

तुम्हा दोघांची अपराधी,
मीच