केक कापायला मुली

५ जून, गुरुवार

चारुदादाचं कुरिअर आलं. हक्कसोडपत्र! भोरच्या सहा एकरांवरचा माझा हक्क मी 'राजीखुशीने' सोडते म्हणे. राजी कोण, खुशी कोणाची? धाकट्या बहिणीने, रेखाने, बारा वर्षांपूर्वीच सही केली. मीच नेलं होतं तिला कचेरीत. इकडे परदेशात लेकाकडे यायच्या गडबडीत माझी तेवढी राहिली.

निनाद म्हणतो, "साइन कर ना आई, नो वरीज." लेकाला माझ्या कसल्या आल्यात वरीज!

दुपारी क्रेगीबर्नच्या लायब्ररीत मयूराचा क्लास. सांगलीची पोर, इथे शिकायला आली, आता युनिव्हर्सिटीत शिकवते आणि दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांना तासभर फुकट देते. भलं होवो तिचं. सध्या सतराव्या शतकातलं इंग्लंड चाललंय — राजाशिवाय राज्य कसं करायचं, ते सांगणारं एका गृहस्थांचं पुस्तक.

"ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे सत्ता, काकू. म्हणून ती एकट्या थोरल्याकडे साठू द्यायची नाही. सगळ्या मुलग्यांत वाटायची."

"आणि मुली?"

"मुलींना हुंडा. तोही बेताचा."

आणि याच गृहस्थांचं न्यायाचं उदाहरण काय? दोन मुली, एक केक. एकीने कापायचा, दुसरीने आधी उचलायचा. म्हणजे केक कापायला मुली, जमीन घ्यायला मुलगे! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, उत्तर मिळालं की खाली बसावं. मी उभीच राहिले.

८ जून

दादाला फोन केला. "सही करणार नाही. तू काप, मी आधी उचलते."

तिकडून — "अंजू, तुला शेत हवंय की भांडण?"

"दोन्ही!"

हसला. आईचं शेवटचं आजारपण त्याने एकट्याने काढलं. ते मी जन्मात विसरणार नाही. पण म्हणून सही? नाही.

११ जून

दादाचा फोन नाही. शेतातली विहीर स्वतःकडे ठेवणार, दुसरं काय!

१५ जून

दादाने नकाशा पाठवला. पेन्सिलीने पाडलेले तीन तुकडे, विहीर तिघांची. खाली लिहिलंय, 'रेखाची सही मला कधीच गोड लागली नाही. मी कापलं, मी शेवटी घेईन.'

मी वाटेकरी दोनच मोजले होते.

रेखाला फोन लावला. म्हटलं, आधी तू उचल.