डचेसचा खूर

रिपन, ६ मे १९७४

ती. हिल्डावन्सं यांस,
ओलिव्हचा सा. न.

मुरंबा पोचला. याही खेपेला करपलाय, पण संपवीन.

शनिवारी रिसाल्याच्या संग्रहालयात आपल्याकडचा डचेस घोडीचा खूर ठेवणार आहेत. त्याखालचं कार्ड मी लिहायचंय. घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या आमच्या मंडळाची माणसं लांबून येणार, म्हणून लायब्ररीतून रिसाल्याचा इतिहास आणला. माझं वाचन तुम्हाला ठाऊकच आहे, ओळीखाली बोट धरून.

त्यात लिहिलंय, की जायबंदी घोड्याला नालबंदाने मारायचं आणि आकडा डागलेला खूर कुऱ्हाडीने तोडून दाखवायला आणायचा, म्हणजे घोडा विकल्याचा संशय नको. मी आपल्या खुराची चांदीची पट्टी सरकवली. खाली आकडा आहे. आणि मामंजी आफ्रिकेच्या लढाईत नालबंदच होते.

डचेसने मामंजींना सुखरूप घरी आणलं आणि ती कुरणात म्हातारी होऊन गेली, असं सिरिल जन्मभर सांगत आले. ते गेल्यापासून मी सांगतेय. मागच्या महिन्यात मंडळाच्या अंकात छापूनसुद्धा आलं. दर नाताळात आपण त्या खुरात टॉफ्या भरायचो! वन्सं, मला आरशात बघवत नाही. काय लिहू? खरं लिहिलं तर सिरिल खोटे पडतात. ते असते तर त्यांनाच विचारलं असतं. चहा अजून दोन कप ओतला जातो.

उत्तर लगेच धाडा.
तुमची ओलिव्ह

स्कारबरो, ८ मे

चि. ओलिव्हला अ. आ.

एक पुस्तक वाचलंस आणि माझ्या बापाला खाटीक ठरवलंस? मुरंबा नाही, तुझी जीभ करपलीय.

बाबा दर शनिवारी त्या खुराला तेल चोळायचे, जित्या घोड्याच्या पायाला लावतात तेच. आम्हाला हात लावू देत नसत. टॉफ्या त्यांच्यामागे सिरिलने भरल्या. डचेस कशी मेली, असं सिरिलने लहानपणी विचारलं, तर बाबा ताटावरून उठून गेले. पोरगं झोपावं म्हणून आईने कुरणाची गोष्ट सांगितली. मारणारा माणूस असं तेल लावेल का? तूच सांग. जुनंच लिही. माझ्या भावाची अब्रू तुझ्या हातात आहे.

रागावलेय, पण माया आटलेली नाही.
हिल्डा

रिपन, १२ मे

ती. वन्सं यांस सा. न.

तुमचं पत्र पर्समध्ये घेऊनच गेले होते. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि अंकात छापलेलं खरं नाही, असं सांगितलं. कान नुसते तापले होते. लीड्सच्या एक बाई म्हणाल्या, बसा हो, माझे आजोबाही गेल्या वर्षापर्यंत शूर होते.

मोजणी झाली की खूर खड्ड्यात टाकत, असं पुस्तकात आहे. मामंजींनी हा एक टाकू दिला नाही. एवढ्या समुद्रापलीकडून आणला आणि मरेपर्यंत तेल लावलं. ते तुम्हीच कळवलंत, म्हणून मला लिहिता आलं. डचेसने त्यांना घरी आणलं असं आपण म्हणत आलो. त्यांनी तिला मारलं, आणि त्यांनीच तिला घरी आणलं. कार्डावर एवढंच आहे.

टॉफ्यांची लाज मात्र जात नाही. कपाटाला कुलूप लावायच्या आधी मी संग्रहालयवाल्यांना जरा थांबवलं. रुमाल तेलात भिजवून नेला होता. शनिवार होता ना.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मुरंबा मात्र पाठवत राहा.
तुमचीच ओलिव्ह