बाटलीवरचे तातय

दाएत, ३ मार्च १९९७

चि. तेमियो यास,

अ. उ. आ. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. खरे आशीर्वाद तूर्त हातचे राखून ठेवते.

तुझी पेटी काल मनिलाच्या बसने आली. चोवीस बाटल्या, आणि चोवीस वेळा आपले तातय. खांद्यावर करंडी, तोंडभर हसू, आणि खाली लाल अक्षरांत छापलेलं की वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यात एक गोळी नाही, रोज एक पेला अननस. नाताळात तू त्यांना मळ्यात उभं करून फोटो काढलास, तेव्हा मला वाटलं, मुलाला बापाची आठवण जवळ हवी आहे. आठवण बरीच महाग विकतोस.

अरे, हा माणूस अकरा वर्षं साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि तुझं लेबल म्हणतं, पचन, सांधे, डोळे, रक्तदाब, साखर, सगळ्यावर हा रस चालतो. केस उगवतात एवढंच लिहायचं राहिलं. आरशात पाहून गाळलंस का?

अननसाची निंदा मी करणार नाही, त्याच्यावरच आपण वाढलो. क जीवनसत्त्व भरपूर, चोथा पोटाला चांगला, आणि ताज्या फळात मांस मऊ करणारं काहीतरी असतं, हे आपल्या आईला शाळा न शिकता ठाऊक होतं. जून बोकड असला की ती मटणाला अननस चोळून ठेवायची. म्हणून कालच मी अर्धं मटण ताज्या अननसात ठेवलं आणि अर्धं तुझ्या बाटलीत. दोन तासांनी पहिलं बोटाने तुटू लागलं. दुसरं होतं तसंच बोकड, फक्त गोड. तू रस उकळलास, तेमियो. त्यातलं कामाचं ते मेलं, आणि मयतावर साखर पेरलीस.

लेबल बदल. लोभ वाढवायचा की आहे तेवढ्यावर भागवायचं, ते मग पाहू.

तुझी थोरली बहीण,
मनाय फेलिसिदाद


मनिला, १२ मार्च १९९७

ती. मनायच्या चरणी,

फेकलेला बोकड चुकवून सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा बायकोने हसू दिलं नाही, ती तुझ्याच पक्षात आहे. मनाय, रस उकळला नाही तर आंबतो आणि बाटली दुकानातच फुटते. साखर घातली नाही तर इथलं कुणी दुसरा घोट घेत नाही. आणि हे औषध नव्हे, असं मागच्या बाजूला छापलेलं आहे, तू पाहिलं नसशील.

तातयना मी फसवलेलं नाही. लेबल त्यांना वाचून दाखवलं होतं. गोळीच्या ओळीवर ते थोडे थांबले, मग म्हणाले, छाप, माझ्या तोंडाने तुझं भलं होत असेल तर ते तोंड आणखी कशाला जपून ठेवायचं. आता चौदा दुकानं माल घेतात, त्यातलं एक दाएतच्या आरोग्यकेंद्रासमोरचं. जूनमध्ये दाएतच्या अननसाच्या जत्रेत मी दुकान लावतो आहे. तातय खुर्चीवर बसतील, लोक येऊन हात मिळवतील. म्हाताऱ्याला थोडा मान मिळू दे की.

मटण संपल्यावर उरेल तेवढा लोभ इकडे पाठवावा.

तुझा,
तेमियो


दाएत, २० मे १९९७

तेमियो,

आज मायना नाही.

काल आरोग्यकेंद्राची नर्स ओफेलिया घरी आली. तातय मार्चपासून तिकडे फिरकलेच नाहीत, बरे आहेत ना, असं विचारत होती. मी म्हटलं, दर महिन्याला स्वच्छ सदरा घालून साखर तपासायला तुझ्याकडेच तर येतात. मग मी घर उपसलं. मी दुकानातून विकत आणून रोज हातावर ठेवलेल्या गोळ्या मिठाच्या बरणीमागच्या डब्यात होत्या. एकही गिळलेली नव्हती.

मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, केंद्रासमोरच्या दुकानात माझा चेहरा लावलाय, त्याच्यासमोर साखर तपासायच्या रांगेत उभा राहिलो तर गाव माझ्या मुलाला खोटारडा म्हणेल. म्हणून सदरा घालून निघायचे आणि चर्चच्या पायरीवर तासभर बसून परत यायचे. वर गोळीऐवजी दिवसाला दोन पेले तुझा रस. साखरेच्या रोग्याला साखरेचं पाणी, आणि तेही पोटच्या पोराच्या हातचं.

अजून संपलं नाही. आपल्या अननसाच्या पातीला काटे असतात, हे तू विसरला असशील, बाटलीला नसतात. तीन आठवड्यांपूर्वी मळ्यात एक काटा त्यांच्या पायात गेला. त्यांना कळलंच नाही, त्या पायाला आता काही कळत नाही. मी मोजा काढला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. आत्ता मी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. डॉक्टर म्हणतात, बोटं जाणारच, पाय वाचतो का ते पाहू.

तुझी मागची बाजू मी वाचली. औषध नव्हे. ही अक्षरं मुंगीने मुंगीसाठी लिहिलेली आहेत. बापाचा चेहरा मात्र केवढा मोठा.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याच बसने ये.

फेलिसिदाद


मनिला, २ जून १९९७

ती. मनाय,

नमस्कार करायला हात उठत नाही.

इस्पितळात चार दिवस मी तातयच्या पायथ्याशी बसलो आणि तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरं केलंस. पाय वाचला, एवढं ऐकून परतलो. चौदाही दुकानांतून बाटल्या उचलतो आहे. एका दुकानदाराने विचारलं, माल खराब आहे का. मी म्हटलं, नाही, लेबल खराब आहे. जत्रेतलं दुकान रद्द करतो. तिकडे आलेल्या पेट्या ओतून दे.

लोभ मागायची हिंमत नाही.

तेमियो


दाएत, २३ जून १९९७

चि. तेमियो यास,

आशीर्वाद. राग गेला असं समजू नकोस, तो पुरवून वापरते आहे.

दुकान रद्द झालं नाही. तातय म्हणाले, माझं तोंड लावलंय, तर मीच बसणार. बसले. बाटल्यांच्या पेटीवर पट्टी बांधलेला पाय, बाजूला ताज्या अननसांचा ढीग, मांडीवर गोळ्यांचा डबा. येईल त्याला सांगत होते की फळ खा, चांगलं आहे, जेवणानंतर दोन फोडी, मीठ लावून; पण गोळी गोळीच्या वेळी घ्या, मी घेतली नाही, हे बघा. मग पट्टी दाखवायचे. ओफेलिया रांगेतच उभी होती, तिने तिथल्या तिथे सात जणांना केंद्रावर बोलावलं. एका बाईने विचारलं, मग या बाटल्या कशाला? तातय म्हणाले, पाय ठेवायला.

फळं दुपारीच संपली. बाटली एकही गेली नाही.

खाली त्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. अर्धा तास लागला, मला बघू दिलं नाही.

मनाय

तेमियो, पोरा, तू मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतंस, मीच तुझं खोटं खरं करायला गेलो. कॅमेरा घेऊन ये. फोटो पुन्हा काढ, या वेळी पायापर्यंत.
— तातय