त्या गाड्या कोणी केल्या

आई, तुला एक विचारायचं आहे. बाबांना विचारून झालं, दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि तू जाऊनही इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं.

आपल्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात तुझ्या त्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्या अजून आहेत. घराला रंग दिला, फरशी बदलली, बाबांसाठी बाथरूममध्ये दांडे बसवून घेतले, पण कपाट हलवलं नाही. गेल्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ सोसायटीच्या कामासाठी घरी आले. बँकेत असतात आणि सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या जोडतात, हे मला माहीत नव्हतं. कपाटासमोर उभे राहिले ते हलेचनात. लाल गाडी हातात घेऊन तिचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ह्या किटमध्ये दारं उघडणारी नसतात," ते म्हणाले. "मडगार्डही इतकी रुंद नसतात. कोणी केलंय हे?" मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून वॉकर पुढे सरकवत बाबा आले आणि म्हणाले, "मी."

बाबा हे पूर्वीपासून म्हणतात, आणि ते वयाने थकलेले आहेत, म्हणून पाहुण्यांसमोर मी कधी त्यांना टोकत नाही. पण त्या दिवशी ते नुसतं 'मी' म्हणून थांबले नाहीत. दाराच्या रेघेवरून जाड सुई पुन्हापुन्हा कशी ओढायची, घाई केली तर तडा कसा जातो, आतून तार वाकवून बिजागरी कशी बसवायची, सगळं त्यांनी हात हलवत सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. ते गृहस्थ मान डोलवत होते आणि मी चहाचा ट्रे हातात धरून दारात उभी होते. माझ्या डोक्यात एकदम गोंधळ झाला, कारण ती सुई मी तुझ्या हातात पाहिली होती. पाहिली होती ना?

मला जे आठवतं ते असं. तू ठाण्याला दातांच्या लॅबमध्ये कामाला होतीस. सकाळी लवकर जायचीस आणि मी दुपारच्या शाळेला निघायच्या सुमारास परत यायचीस. जिन्यात आपली गाठ पडायची आणि तू माझी वेणी एकदा ओढून बघायचीस, घट्ट आहे का. मॉडेल गाडीचा पहिला डबा तुला लॅबला काम पाठवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दिला होता. त्यांच्या मुलासाठी परदेशातून आलेला, त्याला कंटाळा आला म्हणून टाकून दिलेला. तो तू माझ्यासाठी आणला असशील, पण मी चौकटीत अडकलेले ते बारीक तुकडे बघून बाजूला झाले आणि तूच स्वयंपाकघरात फरशीवर बसलीस. जुना पोळपाट उलटा करून त्यावर तुकडे मांडलेस. लॅबमधून टाकून दिलेली झिजलेली पाती, तारेचे तुकडे, कवळीसाठी वापरतात ती गुलाबी पावडर, असं काय काय तुझ्या पिशवीत असायचं. पावडरीत लॅबमधलंच उग्र वासाचं पाणी कालवून तू मडगार्डवर थर चढवायचीस. रविवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या होत असताना तू गाडीचा टप कापते आहेस, कानामागे पेन्सिल आहे, आणि मी विचारते आहे, "आई, तुला गाड्या आवडतात?" तू म्हणतेस, "नाही गं. बसलं की मळमळतं."

तेही खरंच होतं. रिक्षावाल्याला तू दर वळणावर 'हळू, दादा' म्हणायचीस. मामाने गाडी घेतली तेव्हा पेढा खाल्लास पण फेरी मारायला गेली नाहीस. अशी बाई जमिनीला टेकलेल्या, रेसच्या गाड्या का करत बसते, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आज तुझ्या वयाला पोचूनही कळत नाही. आणि ह्या सगळ्या चित्रात बाबा कुठेच नाहीत. ते रंगाच्या कंपनीत शिफ्टला होते. येताना कधीतरी झाकणाला रंग लागलेली छोटी बाटली आणायचे, ओट्यावर ठेवायचे आणि अंघोळीला जायचे. तुमचं बोलणं म्हणजे भाजी काय आणू, गॅस लावलास का, उद्या कोणती शिफ्ट. मी लहान असताना मैत्रिणींच्या घरी आईवडील भांडताना ऐकून मला बरं वाटायचं, की निदान बोलतात तरी. आपल्या घरी तेवढंही नव्हतं.

ठाण्याचा तो हॉल तुला आठवत असेल. माजिवड्याजवळ होता, तिथे मॉडेलची स्पर्धा होती आणि लॅबमधल्या कोणीतरी तुला सांगितलं होतं. तू लाल गाडी चपलांच्या खोक्यात कापूस घालून आणली होतीस, अंजिरी साडी नेसली होतीस. बाबांनी त्या दिवशी सुट्टी टाकली, याचंच मला नवल वाटलं होतं. परीक्षक टेबलापाशी आले, वाकून बघितलं, आणि साहजिकच बाबांना विचारलं, "ही दारं कशी केलीत?" बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "सांगा ना अहो. मला काय त्यातलं कळतंय." मग बाबा सांगायला लागले. दुसरं बक्षीस मिळालं. नाव बाबांचं पुकारलं गेलं आणि तू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्यास.

परतताना कल्याणच्या बसमध्ये मी तुझ्या शेजारी होते, बाबा पुढच्या सीटवर बक्षिसाचा कप मांडीवर घेऊन. मी तुझ्या कानाशी लागून विचारलं, "तू खोटं का बोललीस?" तू खिडकी ओढून घेतलीस, धूळ येत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सगळं तुला कळलंच पाहिजे असं नाही." तू मला एरवी असं तोडून कधी बोलली नाहीस, म्हणून ते वाक्य तसंच राहून गेलं. त्यावर मी माझी एक गोष्ट रचली. माझी आई हुशार होती, तिने नवऱ्यासाठी आपलं श्रेय सोडलं. ही गोष्ट मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितली, पुढे नवऱ्याला सांगितली, मुलीला सांगितली. माझी मुलगी तर चिडते, "आजोबांनी आजीच्या गाड्या ढापल्या." मी तिला कधी थांबवलं नाही.

आता ते बँकेतले गृहस्थ आणि त्यांचे मित्र ठाण्यात प्रदर्शन भरवणार होते. त्यांनी आपल्या गाड्या मागितल्या आणि विचारलं, कार्डावर नाव काय घालायचं? मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. खरं तर मी ठरवलं होतं, तुझं नाव घालायचं, एकट्या तुझं. त्याआधी बाबांना नीट समजावून सांगावं म्हणून मी दुपारी कपाट उघडलं, गाड्या एकेक करून जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्यासमोर बसले.

"बाबा," मी म्हटलं, "ह्या आईने केल्यात. मी बघितलंय."

ते चिडले नाहीत. लाल गाडीच्या बॉनेटवरून त्यांनी अंगठा फिरवला. "तू काय बघितलंस?" म्हणाले. "कापणं, जोडणं बघितलंस. ते तिचंच. पण पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हे घासलं कोणी? सात-आठ हात रंगाचे मारले कोणी? रंग मारायच्या आधी गॅलरीत पाणी मारायला लागतं, नाहीतर धूळ उडून ओल्या रंगावर बसते. ती दार लावून घ्यायची आणि मी मारायचो. तू शाळेत असायचीस."

आई, मला ती ओली गॅलरी आठवते. संध्याकाळी शाळेतून आले की गॅलरी धुतलेली असायची, आणि मला वाटायचं तुला स्वच्छतेचं वेड आहे. मी पाय न पुसता आत आले म्हणून कितीदा बोलणी खाल्ली आहेत.

मी विचारलं, मग सगळ्यांना 'मी केल्या' का सांगता? तर म्हणाले, "तिनेच तसं सांगितलं होतं. तिच्या लॅबचे मालक हॉलमध्ये होते, तार आणि पावडर लॅबची. उगाच कोणी बोलायला नको. मग तेच चालू राहिलं." मला मालक तिथे आठवत नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "मला आयुष्यात कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ती म्हणाली, एकदा घ्या." ह्यातलं खरं कोणतं? की दोन्ही? की ते आता काहीही सांगतात? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ते आमटी वाढ म्हणाले.

मग मी माझी गाडी आणली. दहावी झाल्यावर तू मला दिलेली, आकाशी रंगाची. ती कपाटात नसते, माझ्या टेबलावर असते. इतकी वर्षं मला ती सगळ्यांत सुंदर वाटते, म्हणून मी कधी नीट बघितलंच नव्हतं बहुतेक. बाबांनी ती खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरली आणि लगेच परत दिली.

"ही माझी नाही. रंग बघ हिचा."

खरंच, दाराखाली ओघळ आहेत. टपावर संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत आहे, आणि एका जागी रंगात एक केस अडकलेला आहे. तुझाच असणार.

"ही तिने एकटीने केली," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, दे, रंग मी मारतो, पोरीला द्यायची आहे तर चांगली होऊ दे. मला हात लावू दिला नाही."

"का?"

"मला काय माहीत. मलाही नाही कळलं." मग म्हणाले, "मला वाईट वाटलं होतं तेव्हा."

इतक्या वर्षांत बाबांना कशाचं वाईट वाटलं हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी गाडी फडक्याने पुसत बसले, जणू त्या ओघळांना काही होणार होतं.

कार्डावर मी दोघांची नावं घातली, तुझं आधी. बाबांना दाखवलं तर चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "आडनाव दोनदा कशाला? शेवटी एकदाच टाक, जागा वाचेल." प्रदर्शनाला त्यांना घेऊन गेलो, टॅक्सी केली, वाटेत त्यांना झोप लागली. हॉलमध्ये खुर्चीवर बसून होते दिवसभर. एकाने दाराच्या बिजागरीबद्दल विचारलं, तर माझ्या बाबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, "ते बायकोचं काम. मला रंगाचं विचारा." माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मग तू आम्हाला जे सांगायचीस ते?" मी म्हटलं, "मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं." ती आजोबांजवळ जाऊन बसली. त्यांच्याजवळ एरवी बसत नाही ती.

म्हणजे सगळं चांगलंच झालं. बाबा खूश आहेत. तुझं नाव कार्डावर आलं, पहिलं आलं. ज्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही असं मी समजत होते, त्या घरात शिफ्ट नसेल त्या दुपारी दार लावून दोन माणसं एकाच गाडीवर काम करत होती. एखाद्या मुलीला आपल्या आईवडिलांबद्दल ह्याहून चांगली बातमी कोणती मिळणार? मग मला नीट झोप का लागत नाही, स्वयंपाक करता करता मी मध्येच का थांबते, ते कळत नाही. कधी वाटतं, तू माझी होतीस ती त्यांनी अर्धी परत नेली. लगेच वाटतं, हा काय विचार आहे, तो माणूस तुझा नवरा होता.

हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे. बाबा आत रेडिओ लावून पडले आहेत, त्यांना वाचून दाखवावं असं मघाशी मनात आलं, पण नको. रंग वाळेपर्यंत त्या बंद घरात तुम्ही दोघं काय बोलायचात, एवढंच त्यांना विचारायचं राहिलं आहे. विचारलं तर ते सांगतील. म्हणूनच विचारत नाही.