बिनकामाची फुलं

ता. ९ सप्टेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत, फक्त गुडघा कुरकुरतो. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण दीड वर्षात तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाही. ते असो. आधी बातमी ऐक. भोपळा एकतीस इंच झाला! रोज सकाळी टेप लावतो. आयुष्यात पहिल्यांदा हाती भोपळा आला म्हणून मी नाचलो असेन!

शिलाईचं दुकान बंद केल्यावर हात शिवशिवत होते, म्हणून मागचं अंगण खणलं. गाजराचं बी टीप मारल्यासारखं अर्ध्या अर्ध्या इंचावर पेरलं. ओळ अशी सरळ की बघत राहावं, आणि गाजरं निघाली काडीएवढी! कोबी अळ्यांनी फस्त केला. टोमॅटोंनी मात्र कहर केला. इतके आले, की मी टोपली घेऊन निघालो की शेजारी दारं लावून घेतात.

आणि भोपळा? वेल मांडवभर, फुलंच फुलं, फळ एक नाही. इवलंसं धरायचं, पिवळं पडून गळायचं. शेवटी शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. माझ्या हातात काजं कापायची कात्री बघून त्या म्हणाल्या, "मास्तर, हे काय चाललंय?"

"सुटे दोरे कापतो तसं. या फुलांच्या मागे फळ नाही, नुसती मिरवतात. बिनकामाची."

बाई पोट धरून हसल्या. "अहो, ती नर फुलं! तीच रोज छाटलीत तर फळ धरणार कसं?"

मग त्यांनी एक तसलं फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतली पिवळी भुकटी फळवाल्या फुलाला लावून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून मीच लावत सुटलो. आठवड्यात तीन फळं धरली, चिमणे, तीन!

पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. बिनकामाचा. दीड वर्षापूर्वी तू त्याला घेऊन दारात उभी होतीस, त्याच्या हातात क्लॅरिनेटची पेटी, आणि मी त्याच्या तोंडावर हेच म्हणालो. वर तुला बजावलं, "पुढच्या वेळी एकटी ये." तू आलीच नाहीस. बरोबर केलंस. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या वागण्याची मला लाज वाटते.

तिघांतला मोठा भोपळा पंधरा दिवसांत उतरवायचा आहे. एकट्याला उचलणार नाही आणि संपणार तर मुळीच नाही. दोघं या. क्लॅरिनेटही आणा, वाजवलेलं मी ऐकेन. कळलं नाही तरी गप्प बसून ऐकेन.

शर्टासाठी निळं कापड आणलंय. अजून कात्री लावलेली नाही. माप न घेता कापड कापायचं नाही, एवढं तरी मला येतं. जावईबापूंना सांग, माप द्यायला त्यांनाच यावं लागेल.

वाट बघणारा, तुम्हा दोघांचा
बाबा