दीड मैल मागे

जिंतूर,
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय विशाखा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र परवा मिळालं. दोनच ओळी लिहिल्यास. "दादा, तुम्ही न जेवता, न बोलता निघून गेलात. नाटक एवढं वाईट होतं का?" तुझ्या आईनं त्या दोन ओळी मला दोनदा वाचायला लावल्या आणि म्हणाली, "पोरीला असं टांगून ठिवू नका. काय असंल ते लिहून टाका." म्हणून आज ड्युटीवरून आलो, हातपाय धुतले आणि उजेड आहे तोवर लिहायला बसलो आहे. पत्र लांबणार आहे. सावकाश वाच.

नाटक वाईट नव्हतं, बाळ. मी चौथ्या रांगेत बसलो होतो. जो पास दाखवून आत आलो, त्यावर विद्यापीठाचं नवं नाव छापलेलं होतं, बाबासाहेबांचं. ते नाव तिथं यावं म्हणून आपल्या माणसांनी सोळा वर्षं काय काय सोसलं ते तुला मी सांगायला नको. त्या नावाखाली 'लेखन व दिग्दर्शन : विशाखा सटवाजी' हे वाचलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी म्हणालो, "ही माझी मुलगी." त्यानं विचारलंही नव्हतं. तो पास मी ड्रायव्हिंग लायसन्सच्या पाकिटात ठेवला आहे. डेपोतल्या निम्म्या लोकांना तो दाखवून झाला, उरलेल्यांना या आठवड्यात दाखवीन. तुझी दोन पात्रं एसटीच्या बाकावर बसून भाकरी खातात, तो प्रसंग तर मला इतका खरा वाटला, की खरडा मलाच तिखट लागला.

मग शेवट आला. रस्त्यावर बाभळीचं झाड आडवं, पुढं जमाव, गाडीत आपली माणसं. तुझा ड्रायव्हर सटवाजी उभा राहतो, म्हणतो, "आता ही गाडी थांबणार नाही," आणि गाडी त्या तिघांच्या अंगावर घालतो. लाल उजेड, हॉर्न, तीन किंकाळ्या. सगळं नाट्यगृह उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, जयभीमचा गजर. माझ्या शेजारचा तो माणूस तर रडत होता. मी एकटा बसून राहिलो. तू विंगेतून माझ्याकडं बघितलंस, तेही मला दिसलं. त्यानंतर तुझ्यासमोर बसून जेवणं मला जमलं नसतं, म्हणून सरळ स्टँडवर आलो आणि मिळाली ती गाडी धरली.

असं का, ते आता सांगतो. तो प्रसंग तू वस्तीत ऐकलास. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून ऐकत आलीस. 'सटवाजीनं तिघं चिरडले आणि गाडी बाहेर काढली.' विशाखा, मी कुणालाही चिरडलं नाही. खरं काय झालं ते मी तुला कधीच सांगितलं नाही, आणि तू मला कधी विचारलं नाहीस, कारण विचारावं असं काही उरलंय हेच तुला माहीत नव्हतं.

ऑगस्टची तीन तारीख होती, साल अठ्ठ्याहत्तर. नामांतराचा ठराव होऊन आठवडा झाला होता. खेड्याखेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या, तरी गाड्या बंद झाल्या नव्हत्या. दुपारची जिंतूर-सेलू गाडी माझ्याकडं होती. कंडक्टर बन्सीधर. देवळात गेल्याशिवाय ड्युटीवर न येणारा, कपाळाला बुक्का लावणारा माणूस, आणि तीन वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाणारा. गाडीत बावन्न माणसं. त्यांतली चौदा-पंधरा आपली, सगळी सेलूकडची, त्यात बायाच जास्त; आपल्या वस्तीतलं कुणी नव्हतं.

देवगाव फाटा अजून बराच पुढं होता. एका वळणावर रस्त्यात बाभळी तोडून टाकलेल्या. पन्नासएक माणसं, काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. बाभळींच्या डाव्या अंगाला गाडीपुरती जागा मोकळी राहिली होती, आणि त्या जागेत तीन तरुण छाती काढून उभे होते. एकजण ओरडला, "तुमचे जेवढे हायेत तेवढे खाली उतरवा, बाकीच्यायला जाऊ देतो." आणि माझ्याकडं काठी करून, "तू बी उतर."

बन्सीधर मागच्या दारातून पळत माझ्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सटवाजी, घाल गाडी. घाल. मी साक्ष देतो तुझी." तुझ्या नाटकात कंडक्टर हातपाय गाळून बसतो, खरा तसा नव्हता. मी पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. गाडी उचलली. ते तिघं हलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, हा घाबरतो. मला मनापासून त्यांच्या अंगावर गाडी घालायची होती. आज साधूसारखं बोलत नाही मी. माझ्या डोळ्यांपुढं रक्त होतं. आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

मी नेला नाही, तो गेला. बारा वर्षं गाडी चालवत होतो. पुढं माणूस दिसला की तो पाय ब्रेकवरच जातो, तो मला विचारत नाही. गाडी थांबली, लोक हसले, पहिला दगड आला आणि समोरची काच माझ्या मांडीवर सांडली. भुवईवरची ही खूण त्याच दगडाची.

मग मी रिव्हर्स टाकला. एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिखलाचे नाले, आणि मोठी गाडी उलटी न्यायची. बन्सीधर मागच्या दारात लटकला आणि ओरडला, "एक थाप डावीकडं, दोन थापा उजवीकडं!" पत्र्यावर त्याच्या थापा वाजत होत्या तसं मी स्टेअरिंग फिरवत होतो. पुढून जमाव धावत येत होता, दगड आत येत होते, आणि मला नजर आरशातून काढता येत नव्हती. तेवढ्यात माझ्या तोंडापुढं काहीतरी काळं आलं. पुढच्या बाकावर सुलाबाई नावाची बाई होती, रस्त्याच्या कामावरून घरी चाललेली. तिनं आपलं घमेलं दोन्ही हातांनी माझ्या तोंडासमोर धरलं होतं. त्यावर दगड ठणठण वाजत होते. तिच्या बोटांवर दोन बसले. ती एवढंच म्हणत होती, "तू मागं बघ रे दादा. पुढचं मी बघायलेय." ती आपली नव्हती. तिला उतरा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

दीड मैल. चढाला लागल्यावर धावणारे दमले आणि एकेक मागं पडले. खडी केंद्राच्या मोकळ्या जागेत मी गाडी वळवली आणि जिंतूरला आणली. बावन्नच्या बावन्न माणसं उतरली. मी उतरलो तो खाली बसलो, आणि तीन दिवस दवाखान्यात होतो.

परत आलो तर वस्तीत गोष्ट तयार होती. फुटलेली काच, स्टेअरिंगवरचं माझंच रक्त, यावरून कुणीतरी काहीतरी जुळवलं होतं. संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं आपल्या अंगणात बसली. सगळे त्या दिवसांत भेदरलेले, शेजारच्या गावातून रोज कुणाचं तरी घर जळाल्याची खबर येत होती. एकानं विचारलं, "सटवाजी, किती गेले?" मी काही बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी होकार समजलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ना, विशाखा, ते मला पुसवलं नाही. आणि खरं सांगतो, मला ते आवडलंही. गाडी मागं घेणारा हिरो कुणी कुठं बघितलाय? सिनेमात हिरो पुढं जातो, मारतो, मग लोक शिट्ट्या मारतात. मीही परभणीच्या टॉकीजमध्ये पुढच्या बाकावर बसून मारल्या आहेत. मनात मी स्वतःला भित्रा समजत होतो. त्या पायाचा मला राग होता. म्हणून वस्तीनं दिलेला दुसरा सटवाजी मी ठेवून घेतला. बन्सीधरची त्याच वर्षी बदली झाली. डेपोत खरं सगळ्यांना माहीत होतं, वस्तीत खोटं, आणि दोन्हींत अर्ध्या मैलाचं अंतर. सोळा वर्षं मी रोज ते अंतर चालत आलो.

नाट्यगृहात मी तो दुसरा सटवाजी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. नाटक सुरू होण्याआधी पात्रांची यादी हातात दिली होती. तिच्यात त्या तिघांना नावं नाहीत. तरुण एक, तरुण दोन, तरुण तीन. चाकाखाली जायला तेवढं पुरतं. पण त्यातला एक मला माहीत आहे. पाचएक वर्षांपूर्वी तो माझ्या गाडीत चढला, सेलूची दोन तिकिटं घेतली, बायको सोबत होती. मी आरशातून ओळखला. त्यानंही ओळखलं असावं, कारण सगळा रस्ता तो खिडकीबाहेर बघत राहिला. सेलूला उतरला, निघून गेला. माफी वगैरे काही नाही. ती मिळावी म्हणून मी ब्रेक दाबलाच नव्हता. मला त्याच्याविषयी माया वाटली नाही, आजही वाटत नाही. फक्त एवढं वाटलं, की हा माझ्या हातून मेलेला नाही, आणि हातांना तेवढंच हलकं वाटलं. पुढची फेरी मी नीट केली. तुझा सटवाजी पडदा पडल्यावर कुठं जातो गं? त्याला दुसऱ्या दिवशी सात वाजता गाडी काढायची नसते.

हे मी तुझ्या आईला बोलून दाखवलं. तिला खरं पहिल्यापासून माहीत आहे, भुवईची जखम तीच धूत होती. ती भांडलीच माझ्याशी. "आपली मानसं खरीखुरी मेली, त्यायचं कुनी काय केलं? नाटकात तिघं मेले तर तुमाला कामून लागायलंय? एवढं तरी मारू द्या पोरीला." तिचंही खरं आहे. शेजारचा तो रडणारा माणूस, त्याचं काय जळालं असेल मला माहीत नाही. त्या लाल उजेडात त्याला कधी न मिळालेलं काहीतरी मिळालं. ते त्याच्याकडून काढून घे असं मी म्हणणार नाही. मारणारा हिरो नसतो का, असं तू विचारशील. असेल. तुझ्या रंगमंचावर आहे. पण ज्या गाडीत एक माणूस पत्र्यावर थापा मारत लटकतो आणि एक बाई घमेलं धरून उभी राहते, त्या गाडीत मी होतो, आणि माझी लेक लेखिका असून तिला ती गाडी ठाऊक नाही, याचा दोष माझा. शेवट तुझा आहे, ठेव नाहीतर बदल. त्या ड्रायव्हरला फक्त माझं नाव देऊ नकोस.

आता हे पत्र आजच का, ते लिहितो. वस्तीतली मुलं काल आली होती. चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडपात तुझं नाटक इथं जिंतुरात करायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि पडदा पडला की माझा सत्कार. पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला : 'अठ्ठ्याहत्तरचा वाघ'. रविवारी ती मुलं होकार घ्यायला येतील. मी त्यांना हे सगळं सांगणार आहे, आणि त्यांच्याआधी ते तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिलं. पत्रकावर असं छापा म्हणणार आहे : एसटी चालक सटवाजी, वाहक बन्सीधर आणि प्रवासी सुलाबाई, यांनी बावन्न माणसं दीड मैल मागे आणून वाचवली. बन्सीधर आता गंगाखेडला असतो, त्याला मी स्वतः आणीन. सुलाबाईचं गावही शोधीन. मुलांना हे पटलं नाही तर मी खाली सतरंजीवर बसून नाटक बघेन. पण पटलं, तर त्या मंडपात मी ताठ उभा राहणार आहे, विशाखा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय, की माझ्या गळ्यात कुणीतरी हार घालावा, आणि घालताना त्याला माहीत असावं, की तो कशासाठी आहे. तू ये.

तुझाच,
दादा